इन्क्यूबेटर घेताना डिस्प्लेवरचा आकडा नको, अंड्याशेजारचा बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत घरी पाळायच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर लेख आला होता. चांगला होता, टाकी, लाईट, खाणं सगळं नीट लिहिलेलं, पण शेवटी जाताजाता असं म्हटलं होतं की मादीनं अंडी घातली तर घाबरू नका, कोंबडीच्या अंड्यांचा कुठलाही छोटा ऑटोमॅटिक इन्क्यूबेटर आणा आणि त्यात ठेवून द्या. ते वाचलं आणि मला राहवलं नाही. आठ वर्षांपूर्वी मीही कुणीतरी सांगितलेल्या अशाच एका वाक्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या लेपर्ड गेकोची (ही ठिपक्यांची पाळीव पाल) पहिली सहा अंडी गेली. सहाच्या सहा. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण जमलं तर छापा.

आधी सगळ्यात मोठा फरक. कोंबडी खुडूक बसली की अंडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवते, तिच्या अंड्यांना ते लागतंच. पाल, सरडा, साप, कासव यांचं बरोब्बर उलटं आहे. अंडं घातल्यावर साधारण एक-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला आतल्या पडद्याला चिकटून बसतो आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो. म्हणून अंडी सापडली की पहिलं काम म्हणजे पेन्सिलनं वरच्या बाजूला हलकीशी खूण करायची आणि ज्या बाजूवर होतं त्याच बाजूवर उचलून ठेवायचं. आता कोंबडीच्या मशीनमधलं "ऑटोमॅटिक" म्हणजे काय असतं, तर अंडी फिरवणारा ट्रे! म्हणजे ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे द्यायचे तीच गोष्ट आपल्या अंड्यांना मारणार. तो ट्रे पूर्ण बाहेर काढता येत असेल तरच ते मशीन पुढे बघायचं. दुसरं म्हणजे ही मशीन ३७.५ डिग्रीच्या हिशोबानं बनवलेली असतात आणि आपल्याला लागतात साधारण २६ ते ३२. तेवढं खाली सेट होतं का, आणि लाईट जाऊन आल्यावर आपण सेट केलेला आकडा मशीनच्या लक्षात राहतो का की परत ३७.५ वर जातं, हे प्लग काढून आणि परत लावून बघायलाच पाहिजे. दुकानदाराला विचारून चालत नाही, स्वतः बघा.

माझं काय झालं ते सांगते. मी घेतलेल्या मशीनवर मोठ्या लाल आकड्यात ३१.० दिसायचं, मी रोज सकाळी उठून ते बघायचे आणि खूश व्हायचे. तिसऱ्या आठवड्यात पहिली दोन अंडी पिवळी पडून बसली, मला वाटलं फलित नसतील. मग पुढची दोन, मग शेवटची दोन. शेवटी एका ओळखीच्या माणसाकडून, जो बरीच वर्षं साप पाळतो, दुसरा थर्मामीटर आणला आणि त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा सेन्सर, बरोब्बर अंडी ठेवायची त्या जागी ठेवला. ३५.४! मशीनचा सेन्सर झाकणाजवळ एका कोपऱ्यात होता, अंड्यांचा डबा हीटरच्या अगदी जवळ, आणि डिस्प्ले मला सांगत होता तो त्या कोपऱ्याचा आकडा. अंडी फलित होती, मीच त्यांना शिजवलं होतं. ते अजूनही मनातून जात नाही.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य म्हणणं हे आहे की इन्क्यूबेटर निवडताना डिस्प्लेकडे बघूच नका. खोक्यावर "०.१ डिग्री" लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ फक्त एवढाच की स्क्रीनवर पॉइंटनंतर एक आकडा दिसतो. आतलं टेंपरेचर तेवढं अचूक आहे असा त्याचा अर्थ नाही, चांगल्यापैकी डिजिटल सेन्सरसुद्धा अर्धा डिग्री इकडेतिकडे असू शकतो. तुमचा स्वतःचा वेगळा थर्मामीटर पाहिजे, मिनिमम-मॅक्सिमम लक्षात ठेवणारा, वायरवाल्या प्रोबचा. आणि तोही आधी तपासून घ्यायचा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका ग्लासात घालून ढवळायचं, प्रोब बुडवायचा, काही मिनिटांनी शून्याच्या आसपास आलं पाहिजे. मग थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात तो प्रोब आणि घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरायचा, ३५-३६ डिग्रीला दोघांमध्ये किती फरक पडतो ते वहीत लिहून ठेवायचं. तापाचा थर्मामीटर या रेंजमध्ये बऱ्यापैकी अचूक असतो. एवढं केलं की पुढे कुठल्याही मशीनचं खरं-खोटं तुम्हाला कळतं.

एक-दीड डिग्रीनं काय होतंय असं वाटत असेल तर लेपर्ड गेकोचंच घ्या. यांच्यात नर होणार की मादी हे अंडं किती गरम राहिलं त्यावर ठरतं. २६ डिग्रीच्या आसपास जवळपास सगळ्या माद्या, ३२ ते ३३ च्या मध्ये जास्त करून नर, आणि अजून वर ३४-३५ ला गेलं की परत माद्याच. ही गोष्ट सरपटणाऱ्यांमध्ये पहिल्यांदा १९६६ मध्ये मॅडलीन शार्निए या बाईंनी सेनेगलमधल्या डाकारला आगामा सरड्याच्या अंड्यांवर नोंदवली, त्याआधी कुणाला वाटलंही नव्हतं. बऱ्याच कासवांमध्ये थंड बाजूला नर आणि गरम बाजूला माद्या. बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं अजून वेगळं आहे, त्याच्यात लिंग गुणसूत्रांवर ठरतं पण ३२ च्या वर गेलं की गुणसूत्रांनी नर असलेलेही मादी होऊन बाहेर येतात. सापांमध्ये हा प्रकार नाही, त्यांचं गुणसूत्रांवरच ठरतं, पण जास्त गरम झालं तर पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्लं निघतात. म्हणजे ज्याला नर-मादी अंदाजे ठरवायचंय त्याच्यासाठी दीड डिग्रीची चूक म्हणजे सगळाच अंदाज चुकला. पण एक सांगते, याचा अर्थ पॉइंट एकच्या मागे लागून झोप घालवायची असा नाही. मातीत घातलेली अंडी दिवसरात्रीचा चढउतार सोसतातच. अर्धा डिग्री खाली-वर झालं तर काही बिघडत नाही, घात होतो तो वरच्या टोकाला.

आणि हेच माझं दुसरं म्हणणं, ज्याबद्दल दुकानात कुणी कधी बोलत नाही. मशीन बिघडलं तर ते गरम होऊन बिघडतं की थंड होऊन? कारण अंडी काही तास २२-२३ डिग्रीला आली तर बहुतेक वेळा तग धरतात, वाढ मंदावते, पिल्लं थोडी उशिरा निघतात बस. पण ३७-३८ च्या वर काही तास गेले तर खेळ खल्लास. स्वस्तातल्या थर्मोस्टॅटमध्ये (टेंपरेचर बघून हीटर सांभाळणारा डबा) हीटर चालू-बंद करायला रिले म्हणजे छोटा आपोआप चालणारा स्विच असतो, तो दिवसात शेकडो वेळा टकटक करतो आणि एक दिवस त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसतात, म्हणजे हीटर चालूच राहतो. माझ्या मैत्रिणीकडे बिअर्डेड ड्रॅगनची बावीस अंडी होती, पन्नास दिवस झालेले, दहा-पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती. रात्री रिले चिकटला. सकाळी आत ४३ डिग्री होतं. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि मला तिला काय सांगावं तेही कळलं नाही.

दुसरा तसाच धोका म्हणजे प्रोब. साफसफाई करताना धक्का लागून प्रोब बाहेर आला की थर्मोस्टॅटला खोलीची थंड हवा लागते, त्याला वाटतं आत गार झालंय आणि तो हीटर देत राहतो, देत राहतो. म्हणून प्रोब आत केबल टायनं किंवा चांगल्या टेपनं घट्ट बांधलेला पाहिजे, अंड्यांच्या डब्यांच्या उंचीवर, नुसता लोंबकळता नको. आणि मी आता एकाऐवजी दोन थर्मोस्टॅट लावते, एकामागे एक. हीटर पहिल्यात, पहिल्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा भिंतीत. दोघांचे प्रोब वेगळे. पहिला मला हवा त्या टेंपरेचरला, दुसरा त्याच्यापेक्षा दीड डिग्री वर. रोजचं काम पहिला करतो, दुसरा नुसता बसून असतो, पण पहिला चिकटला तर दुसरा लाईन तोडतो. तयार मशीन घेणार असाल तरी ते बाहेरच्या एका थर्मोस्टॅटमधून चालवता येतं, वरची मर्यादा म्हणून. दोन थर्मोस्टॅटचे पैसे वाचवून मोठ्या डिस्प्लेचं मशीन घेण्यापेक्षा साधं मशीन आणि दोन थर्मोस्टॅट घ्या असं मी प्रत्येकाला सांगते. बजेट थोडं जास्त असेल तर चालू-बंद प्रकाराऐवजी पल्स प्रपोर्शनल थर्मोस्टॅट घ्या, तो हीटरला थोडी थोडी पॉवर देतो, त्यामुळे टेंपरेचर झोके घेत नाही.

अजून एक चूक बऱ्याच जणांची होते. साधा इन्क्यूबेटर फक्त गरम करतो, थंड करू शकत नाही. खोली ३२ झाली तर २८ ला सेट केलेलं मशीनही ३२ च दाखवणार, थर्मोस्टॅट बिचारा हीटर बंद करून बसलेला असतो. बॉल पायथन या छोट्या अजगराला ३१-३२ लागतं त्यामुळे त्यांना फारसा त्रास होत नाही, पण क्रेस्टेड गेको या पालीला २२ ते २६, आणि व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याला २६ ते २८ आणि तेही थोडेथोडके दिवस नाही तर चांगले सहा-आठ महिने! एवढ्या काळात ऋतू बदलतात. अशा प्राण्यांसाठी गरम आणि थंड दोन्ही करणारं मशीनच पाहिजे, पेल्टिअरवालं (विजेनं एक बाजू गार, दुसरी गरम होणारी चकती असलेलं) किंवा छोट्या फ्रिजसारखं कॉम्प्रेसरवालं. पेल्टिअरमध्ये पंखा सतत फिरत असतो, त्यामुळे मागच्या जाळीत धूळ साठू द्यायची नाही आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, गरम हवा बाहेर जायला जागा लागते. मशीन विकत घ्यायच्या आधी ज्या खोलीत ठेवणार त्या खोलीचं कमी-जास्त टेंपरेचर आठवडाभर लिहून काढा, अर्धा निर्णय तिथेच होतो. आणि खिडकीजवळ, ऊन येतं तिथे ठेवू नका, हे सांगायची गरज नसावी पण मी असं ठेवलेलं बघितलंय.

आत पंखा असावा की नसावा यावर लोक फार भांडतात. माझं मत, छोट्या डब्याएवढ्या मशीनला नसला तरी चालतं, पण दोन-तीन कप्पे असतील तर पंखा पाहिजेच, नाहीतर वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यात सहज दोन डिग्रीचा फरक येतो. पंखा असेल तर अंडी उघडी ठेवायची नाहीत, झाकणाच्या डब्यात ठेवायची, नाहीतर वाऱ्यानं सुकून चेपतात. आणि रिकाम्या जागेत पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवा. पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळे दार उघडलं किंवा लाईट गेली तरी आतलं टेंपरेचर एकदम पडत नाही. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय आहे.

मशीनवर "२४ अंडी", "५६ अंडी" लिहिलेलं असतं त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, ती कोंबडीच्या अंड्यांची मोजणी. आपण टेप घेऊन आतली लांबी-रुंदी आणि मुख्य म्हणजे उंची मोजायची. पायथनची अंडी एकमेकांना चिकटून ढीगच होतो आणि तो ओढून सोडवायला गेलं तर कवच फाटतं, त्यामुळे ढीगच्या ढीग मावेल एवढा उंच डबा आणि तो डबा मावेल एवढं मशीन लागतं. शिवाय मऊ कवचाची अंडी पाणी शोषून फुगतात, शेवटी शेवटी चांगलीच मोठी होतात, त्यामुळे सुरुवातीला बोटभर जागा सोडून ठेवायची.

ओलाव्यासाठी वेगळं मशीन, धुकं सोडणारं वगैरे, याच्या नादी लागू नका. ओलावा लागतो तो डब्याच्या आत. वर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) आणि पाणी वजनानं सारखं, म्हणजे १०० ग्रॅमला १०० ग्रॅम, काट्यावर मोजून. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाण्याची धार नको. अंडी अर्धी आत दाबायची. डब्याला दोन-चार बारीक भोकं, झाकण लावून पूर्ण डब्याचं वजन झाकणावर लिहायचं आणि दर आठवड्याला वजन करून जेवढं कमी झालं तेवढंच कोमट पाणी कडेनं घालायचं, अंड्यांवर नाही. झाकण आठवड्यातून एकदा उघडलं की हवाही बदलते, शेवटच्या दिवसांत गर्भाला ऑक्सिजन जास्त लागतो. झाकणाला आतून थेंब धरून अंड्यांवर पडत असतील तर डबा किंचित तिरका करा, म्हणजे पाणी बाजूनं ओघळतं. सतत थेंब पडून भिजलेलं अंडं गुदमरतं. एखाद्या अंड्यावर बुरशी आली म्हणून लगेच फेकू नका, टॉर्च लावून बघा, आत लालसर शिरा दिसल्या तर ते जिवंत आहे.

घरी बनवलेल्या इन्क्यूबेटरला मी नावं ठेवत नाही, उलट माझा सध्याचा घरीच केलेला आहे, जुन्या वाइन कूलरच्या खोक्यात हीट केबल, छोटा पंखा आणि वर सांगितलेले दोन थर्मोस्टॅट. जाड भिंतीचा थर्माकोलचा डबा घेऊन तळाशी पाणी, पाण्यात मासे पाळायचा हीटर आणि वर जाळीवर अंड्यांचा डबा, असंही खूप जण करतात आणि ते चालतं, फक्त पाण्याची पातळी हीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि वायरिंग ओल्या हातानं हाताळायचं नाही. जुना फ्रिज वापरणार असाल तर त्याची गॅसची नळी कापायला जाऊ नका. बल्ब लावून गरम करायची पद्धत मात्र मला अजिबात पटत नाही, बल्ब उडाला की संपलं, आणि उजेड सतत चालू-बंद होत राहतो.

काहीही घ्या, विकतचं किंवा घरचं, अंडी यायच्या आधी ते एक आठवडा रिकामं चालवा. रिकामं म्हणजे अंड्यांशिवाय, बाकी ओलं वर्मिक्युलाइट भरलेले डबे, पाण्याच्या बाटल्या सगळं आत ठेवून. प्रोब एकेक दिवस एकेका कोपऱ्यात हलवा आणि मिनिमम-मॅक्सिमम लिहा. एक दिवस मुद्दाम दोन तास प्लग काढून किती पडतं ते बघा. प्लग काढलेला दिवस सोडून बाकी दिवस अर्ध्या-पाऊण डिग्रीत राहिलं तर ठेवा, नाही राहिलं तर परत करा, परत घेत नसतील अशा ठिकाणी आधीच घेऊ नका. लेपर्ड गेकोच्या मादीच्या पोटात अंडी खालून स्पष्ट दिसतात, सापाची मादी अंडी घालायच्या आधी कात टाकते, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. अंडी घातल्यावर रात्री अकराला मशीन शोधायला निघायचं आणि मिळेल ते आणायचं, तिथेच चुका होतात. माझीही तिथेच झाली.

एक बाजूची गोष्ट, पण मला ती फार आवडते. त्याच १९६६ साली अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी अंड्यांवर वेटोळं घालून बसलेल्या भारतीय अजगराच्या मादीचं टेंपरेचर मोजून प्रसिद्ध केलं. ती स्नायू आखडून थरथरत राहते आणि स्वतःचं अंग आजूबाजूच्या हवेपेक्षा काही डिग्री गरम ठेवते, हवा जेवढी गार होते तेवढं थरथरणं वाढतं. म्हणजे तिच्या अंगातच प्रपोर्शनल थर्मोस्टॅट आहे. आपण अंडी तिच्याकडून काढून मशीनमध्ये ठेवतो तेव्हा ती जबाबदारी आपण उचलतो, मग ती नीट उचलायला नको का?

आणि पिल्लांचा विचार मशीनच्या आधी. लेपर्ड गेकोची मादी एका हंगामात पाच-सात वेळा दोन दोन अंडी घालते, म्हणजे दहा-चौदा पिल्लं, प्रत्येकाला वेगळी टाकी. ती कुठे जाणार, कोण सांभाळणार, तुमच्याकडच्या कायद्यात ते पाळायला आणि द्यायला चालतं का, हे माहीत नसेल तर सगळी अंडी उबवायची काही सक्ती नाही. न उबवायची ठरवली तर पहिल्या दिवशीच ठरवा.

तुम्हाला विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत चार ओळींची का होईना दुरुस्ती द्या: अंडी फिरवायची नाहीत, आणि वेगळा तपासलेला थर्मामीटर असल्याशिवाय कुठल्याही मशीनमध्ये ठेवायची नाहीत. तो लेख वाचून कुणीतरी आत्ता मशीन शोधत असेल, त्यांच्यापर्यंत हे अंडी ठेवायच्या आधी पोचलं पाहिजे.

आपली,
एक नियमित वाचक